पाणी किती येणार, आणि आपल्या दारात कधी?



पावसाळ्यात आपल्या गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन दिवसांनी एक मेसेज फिरतो. धरणातून नदीपात्रात इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू केला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. खाली दोघी-तिघी हात जोडलेलं चित्र टाकतात आणि पुढचा मेसेज कुणाच्या तरी वाढदिवसाचा असतो. सतर्क राहायचं म्हणजे करायचं काय, ते कुणीच लिहीत नाही.

ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी मला सरळच विचारलं, "मॅडम, दहा हजार क्युसेक म्हणजे माझ्या गोठ्यात पाणी येतं का नाही, एवढं सांगा." या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मेसेजमध्ये नसतं. पण ते काढता येतं. त्यासाठी नदीच्या पाण्याचा अंदाज कसा बांधतात ते थोडं समजून घ्यावं लागेल, आणि बाकीचं काम आपल्याला गावात करावं लागेल.

आधी क्युसेक. एका सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण २८ लिटर. आपले दोन हंडे समजा. नदीच्या काठावर उभं राहून 'एक' म्हणेपर्यंत समोरून दोन हंडे पाणी गेलं, तर तो झाला एक क्युसेक. दहा हजार क्युसेक म्हणजे त्याच एका सेकंदात वीस हजार हंडे. उन्हाळ्यात आपल्याकडे येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे २८ टँकर दर सेकंदाला. दुसरा शब्द टीएमसी. तो साठ्याचा शब्द आहे, वाहण्याचा नाही. साडेअकरा हजार क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. हा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपलं पाणी येतं कुठून ते बघू. घोडेगावात वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस. पण मुळा उगवते हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात आणि प्रवरा रतनगडाच्या. तिकडे अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पावसाळ्यात हजारो मिलीमीटर पडतो. मुळेचं पाणी राहुरीजवळच्या २६ टीएमसीच्या मुळा धरणात अडतं. प्रवरेचं भंडारदरा आणि निळवंडे धरणांत. खाली नेवासा तालुक्यात मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरासंगमला दोघींचं पाणी गोदावरीत जातं. गोदावरी तर नाशिककडून येते, गंगापूर, दारणा आणि नांदूर मधमेश्वर बंधारा ओलांडून. म्हणून कित्येकदा आपल्याकडे कडक ऊन असतं, बायका वाळवण घालून बसलेल्या असतात आणि नदीला पूर येतो. आभाळाकडे बघून नदीचा अंदाज बांधायची आपली सवय आहे. ती नेवासा तालुक्यात फसते.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या खालच्या गावांना लागू आहे. जायकवाडी धरण काठोकाठ, म्हणजे १५२२ फुटांपर्यंत भरलं, की त्याचा फुगवटा वर प्रवरासंगमच्या बाजूला सरकतो. मोरीचं तोंड तुंबल्यावर न्हाणीत पाणी चढतं ना, तसं. वरून आलेलं पाणी पुढे सरकायला जागा नसते, ते काठावर पसरतं. त्यामुळे जुलैमध्ये धरणं रिकामी असताना आलेले वीस हजार क्युसेक आणि सप्टेंबरमध्ये जायकवाडी भरलेलं असताना आलेले वीस हजार क्युसेक, यात फरक आहे. मेसेजमध्ये आकडा सारखाच दिसतो.

पुराचा अंदाज देणारं मॉडेल म्हणजे संगणकावर मांडलेला हिशोबच आहे. आपण गटाच्या वहीत मागची शिल्लक, जमा, खर्च लिहितो आणि पुढच्या महिन्यात किती कर्ज देता येईल ते सांगतो, तसाच. जमा म्हणजे पडलेला पाऊस आणि पुढच्या काही दिवसांत पडेल असा हवामान खात्याचा पाऊस. खर्च म्हणजे जमिनीत मुरलेलं, पिकांनी घेतलेलं, वाफ होऊन गेलेलं पाणी. उरतं ते ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत.

यात सगळ्यात महत्त्वाची असते मागची शिल्लक, म्हणजे जमीन आधीच किती ओली आहे. कोरड्या पोत्यावर तांब्याभर पाणी ओता, खाली थेंब पडणार नाही. तेच पोतं भिजलेलं असेल तर ओतलं तेवढं खाली. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पडला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात एका एकरावर दोन लाख ६३ हजार लिटर पाणी पडतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात भेगा पडलेल्या काळ्या रानावर ते पडलं तर आपण देवाला हात जोडतो. तेच पाणी पंधरा दिवस झड लागल्यावर सप्टेंबरात पडलं तर त्यातलं बरंचसं बांध फोडून जातं. आकाशातून आलेलं पाणी दोन्ही वेळेला तेवढंच होतं.

मग येतो प्रवास. नगरहून एसटी सुटली असा फोन आला की घोडेगावला किती वाजता येईल हे आपल्याला पाठ असतं. मॉडेलही पाण्याच्या लोंढ्याचं असंच वेळापत्रक मांडतं : वरच्या ठिकाणी इतक्या वाजता एवढं पाणी, मग खालच्या पुलाला किती वाजता. फक्त ही एसटी रोज सारख्या वेळेत येत नाही. पात्र कोरडं असेल तर पहिलं पाणी वाळूत मुरत, खड्डे भरत रमतगमत येतं. नदी आधीच वाहती असेल तर लवकर पोचतं. वाटेत दुसऱ्या नदीचं पाणी मिसळलं की आकडा बदलतो.

आपल्या देशात केंद्रीय जल आयोग हे काम १९५८ पासून करतोय, सुरुवात दिल्लीला यमुनेपासून झाली. आता त्यांचं 'फ्लडवॉच इंडिया' नावाचं अॅप आहे, २०२३ मध्ये आलं. आपल्या राज्याच्या जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बसवली, त्यात पावसाची आणि पाणीपातळीची मोजणी आपोआप येते आणि धरणातून किती सोडलं तर खाली काय होईल याचं गणित मांडलं जातं. गुगलचं 'फ्लड हब' आहे. जगभरच्या पाच हजारांहून जास्त ठिकाणच्या नद्यांच्या नोंदी संगणकाला शिकवून, जिथे मोजपट्टी नाही अशा नदीचाही अंदाज ते काही दिवस आधी देतं. युरोपातल्या हवामान केंद्राचीही अशी जागतिक यंत्रणा आहे. हे सगळं फुकट बघता येतं. आपल्यातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींना एकदा मोबाईल द्या, दहा मिनिटांत शोधून दाखवतील.

पण इथे दोन ठिकाणी सावध राहायचं.

पहिलं, टक्के. युरोपातल्या केंद्राची यंत्रणा एकच उत्तर देत नाही. सुरुवातीची हवा थोडी थोडी बदलून ५१ वेळा गणित मांडते. त्यातल्या ३५-३६ वेळा पूर दिसला तर ती सांगते, शक्यता साधारण ७० टक्के. म्हणजे अशा दहा इशाऱ्यांपैकी तीन वेळा पूर येणार नाही आणि तरीही अंदाज चुकला असं होत नाही. आपल्याकडे एकदा गोठा हलवला आणि पाणी आलं नाही, की घरातली माणसं वर्षभर टोमणे मारतात. हे टोमणे मला पुराइतकेच धोक्याचे वाटतात, कारण पुढच्या वेळी ती बाई बोलतच नाही.

त्यातच 'वीस वर्षांतून एकदा येणारा पूर' असा एक शब्द या यंत्रणा वापरतात. लोक समजतात, येऊन गेला म्हणजे वीस वर्षं निर्धास्त. तसं नाही. त्याचा अर्थ, दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात पाच. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा शंभरात पाचच. दहा वर्षं त्याच घरात राहिलात तर एकदा तरी भेटण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या घरात जाते.

दुसरं, धरण. मुळा धरणाची दारं किती वाजता आणि किती इंच उचलणार, हे अमेरिकेत किंवा युरोपात बसलेल्या संगणकाला माहीत नसतं. डोंगरात पाऊस पडला म्हणून तो पानेगावला पूर दाखवेल, आणि धरण निम्मं रिकामं असल्याने इथे थेंब येणार नाही. किंवा उलटंही होईल, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी दारं उघडी आणि नदी भरलेली. म्हणून आपल्या नदीकाठच्या गावांना जागतिक नकाशापेक्षा धरणाचे रोजचे आकडे जास्त कामाचे आहेत. ते पाटबंधारे विभाग जाहीर करतो आणि पेपरातही येतात. मुळेची आवक वर कोतूळला मोजतात, तो आकडाही बातमीत असतो.

त्यावरून आपल्याला स्वतःला हिशोब करता येतो. समजा मुळा धरणात २४ टीएमसी पाणी आहे. जागा उरली २ टीएमसीची. आवक वीस हजार क्युसेक. दोनला साडेअकरा हजाराने गुणा, झाले तेवीस हजार. त्याला वीस हजाराने भागा. उत्तर सव्वा दिवसाच्या आत, म्हणजे २८ तासांच्या आसपास. आवक अशीच राहिली तर उद्या रात्रीच्या आत धरणात जागा उरणार नाही. प्रत्यक्षात दारं त्याही आधी उघडतात, कारण कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि काठोकाठ भरेपर्यंत कुणी थांबत नाही. व्याजाचा हिशोब बिनचूक करणाऱ्या आपल्या लेखापाल ताईंना हे गणित डाव्या हाताचा मळ आहे. आणि हे २८ तास फुकट मिळालेले असतात. विसर्गाचा मेसेज यायच्या आधीचे.

ज्यांचं घर नदीवर नाही, ओढ्यावर आहे, त्यांची गोष्ट वेगळी. घोडेगाव आणि आसपासच्या बऱ्याच सभासद यातच मोडतात. अडीच हजार एकरांचं पाणी गोळा करणारा एखादा साधा ओढा घ्या. तीन तासांत ६५ मिलीमीटर पाऊस झाला आणि जमीन ओली असल्याने निम्मं पाणी वाहून निघालं, तर त्या ओढ्यातून हजार क्युसेकच्या वर पाणी जातं. उन्हाळ्यात पोरं ज्यात क्रिकेट खेळतात त्या ओढ्यातून. त्याला धरण नाही, मोजपट्टी नाही, मेसेज नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शेवगाव, पाथर्डी, कर्जत, जामखेड भागात पाण्याने जे केलं ते सगळ्यांनी बघितलंय. अशा झटपट येणाऱ्या पुरासाठी हवामान खात्याने २०२० पासून एक मार्गदर्शन सेवा सुरू केली आहे, ती पुढच्या सहा तासांचा धोका आणि चोवीस तासांचा अंदाज देते. पण ती तुमच्या ओढ्याचं नाव घेऊन सांगत नाही, भाग सांगते. ओढ्यावरच्या बाईने एवढं धरून चालावं : आठवडाभर जमीन ओली आहे, ऑरेंज किंवा रेड अलर्ट आहे आणि संध्याकाळी ढग वरच्या अंगाला बसलाय, तर त्या रात्री जनावरं ओढ्याकाठच्या गोठ्यात बांधायची नाहीत. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर गाडी घालायची नाही, मग घरी कितीही वाट बघत असोत.

अंदाज गावापर्यंत पोचल्यावर काय होतं, हे शिकायचं तर सांगलीकडे बघा. तिथे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. शहरातल्या माणसाला क्युसेक कळो न कळो, पुलावर किती फूट झालं की सूर्यवंशी प्लॉटमध्ये पाणी येतं आणि किती झालं की दत्तनगरात, हे लोक तोंडपाठ सांगतात. आकडा गल्लीला बांधलेला आहे, म्हणून तो कामाचा आहे. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अनेकांनी २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण धरली होती. तेव्हा इथपर्यंतच आलं होतं, आताही याच्या वर येणार नाही, असं म्हणून माणसं घरात थांबली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि लेकरं बरीच होती. पाणी वाढतंय हे गावाला माहीत होतं. निघायचं कधी, हे ठरलेलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, आपल्या ग्रामसंघांनी मॉडेल शिकण्यात फार वेळ घालवू नये. ते काम करणारे आहेत. आपण आकडा आणि आपलं दार यांच्यामधला रस्ता बांधावा. तो दुसरं कुणी बांधणार नाही.

त्याची सुरुवात एका वहीने होते. नदीकाठच्या प्रत्येक गावात पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर ग्रामपंचायतीला सांगून ऑइल पेंटने फुटाफुटाच्या रेघा मारून घ्यायच्या. विसर्गाचा मेसेज आला की वहीत लिहायचं : कुठल्या धरणातून, किती क्युसेक, किती वाजता. मग पाणी आपल्या रेघेवर किती वाजता आलं, किती फूट चढलं, कुणाच्या शेतात शिरलं. शेवटच्या रकान्यात जायकवाडी किती टक्के भरलेलं होतं ते. दोन पावसाळे ही वही नीट ठेवली तर त्या ताईंच्या गोठ्याचं उत्तर त्यात सापडेल, आणि ते कुठल्याही अॅपपेक्षा खरं असेल. पहिली दोन पानं गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून भरा. २००६ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, २०१९ ला कुठपर्यंत, हे त्यांना विचारा. पुरुषांना कुणाची मोटार वाहून गेली ते आठवतं. बायकांना चुलीपर्यंत पाणी आलं होतं का, ते आठवतं.

मग ठरवायचं, कोणत्या आकड्याला काय करायचं. इथे शहाणपण असं की स्वस्तातली कामं कमी शक्यतेलाच उरकून घ्यायची आणि महागाची कामं खात्री वाढल्यावर. आधार, रेशनकार्ड, सातबारा, गटाचं इतिवृत्त आणि कर्जाची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवायला काही खर्च नाही, ते ४० टक्क्यांलाच करा. नदीवरची मोटार वर घेणं, चारा उंचावर नेणं हे त्यानंतर. तीन म्हशी दुसऱ्याच्या वस्तीवर नेणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दूध डेअरीला जाणार नाही, म्हणून ते धरणाचे आकडे बघून. नेताना निदान कुणाच्या वस्तीवर न्यायच्या हे मे महिन्यातच बोलून ठेवलेलं असावं. रात्री अकराला दार वाजवून विचारायचा विषय नाही हा. आणि काहीच जमलं नाही तर दावी सोडा. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं बहुतेक वेळा स्वतः उंचवटा शोधतं.

माणसांसाठी आशाताईंकडून यादी घ्या : दिवस भरत आलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, रोजचं औषध चालू असलेल्या. त्यांना टक्के बघायचे नाहीत, त्यांना सगळ्यात आधी हलवायचं. बॅकवॉटरच्या कडेला झोपड्या टाकून राहणारी मासेमारीची कुटुंबं आपल्या कुठल्याच गटात नाहीत, त्यामुळे आपल्या कुठल्याच ग्रुपवरही नाहीत. त्यांच्याकडे चालत जावं लागेल. मेसेज सरपंच, पोलीस पाटील, तलाठी यांच्या मोबाईलवर येतो. तिथून तो घरातल्या पुरुषाच्या मोबाईलवर जातो आणि तो नेमका बाजारात असतो. घरी असते सासूबाई, जिच्याकडे बटणांचा फोन आहे. म्हणून दहा घरांमागे एक ताई ठरवा, जी स्वतः जाऊन तोंडी सांगेल. दहा दारं अर्ध्या तासात होतात का, ते एकदा पायी फिरून बघा. मी एका वस्तीवर फिरले, चिखलातून पाऊण तास लागला. तिथे दोघी लागतील.

जून महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीच्या अजेंड्यावर हा विषय घ्यायला सर्व सचिव ताईंना सांगितलं आहे. बैठकीला येताना गावचा हाताने काढलेला नकाशा आणा, त्यात ओढे, फरशी पूल, सखल घरं आणि उंचावरच्या शाळा-मंदिरांच्या जागा दाखवा. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्याला जोडायला द्यायचा आहे, पोच घ्यायला विसरू नका. वही महासंघाच्या कार्यालयातून मिळेल. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिका १०८, आणि कुठलीही तातडी असेल तर ११२. हे तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि सासूबाईंच्या बटणांच्या फोनमध्ये आजच साठवून द्या.